चादरीवरचा पियानो आणि आत्याचा चहा

भवानी पेठ, सोलापूर
दिवाळीआधीचा आठवडा, वार बहुतेक गुरुवार

तीर्थरूप गोजरआत्यास,

खरं तर साष्टांग नमस्कार घालायचा, पण वर्षभर बिनपाठीच्या स्टुलावर बसून माझी कंबर अशी धरलीय की एकदा आडवा झालो तर उठवायला दोन माणसं लागतील. म्हणून हा नमस्कार बसूनच घालतोय, तो पायापर्यंत पोचला असं समज. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की बाटली नुसती उशाला ठेवतेस? ढवळी शेळी व्याली का? व्याली असेल तर करडं किती, आणि त्यातलं एखादं माझ्यासारखं कळप सोडून पळणारं निघालं का? शेळ्या घेऊन मंद्रूपच्या बाजाराला आलेल्या आपल्या गावच्या हरिबाकडं तू दिलेल्या चपला मिळाल्या. बरोब्बर मापाच्या, आणि बरोब्बर वेळेला आल्या. पायाला चावतात थोड्या, पण तुझी वस्तू म्हटल्यावर थोडी चावणारच.

(ऋतुजा, तुझ्या आईला पत्र वाचून दाखवताना नेहमीप्रमाणेच: कंसातलं तुझ्यापुरतं. कंस आला की मनात वाचायचं आणि आत्यानं विचारलं तर "दादाचं अक्षर लागत न्हाय" म्हणायचं. ते खोटंही नाही.)

फोन का करत नाही म्हणून तू रागावली असशील. माझा फोन गेले पाच महिने कमलम्मा टीचरांच्या तांदळाच्या डब्यात आहे. त्यांचं म्हणणं, ज्याच्या खिशात फोन वाजतो त्याच्या बोटात काही वाजत नाही. परीक्षा झाली की परत देणार होत्या. परीक्षा झाली, निकालही लागला, तरी डबा काही उघडत नाहीत. निकाल सांगतो, पण आधी मागचं सगळं ऐक. नऊ महिने थांबलीस, दोन पानं आणखी थांब. (तू पान उलटून बघू नकोस. बघितलंस ना?)

संक्रांतीला मी घरी आलो होतो आणि डाळिंबाची छाटणी अर्धी टाकून तिसऱ्या दिवशी निघालो, तेव्हा तू चुलीपुढं उभी राहून जे बोललीस ते माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. "ह्यानं आयटीआय अर्धं टाकलं, बेकरी अर्धी टाकली, टँकरवरनं तर चालत्या गाडीतनं उतरला. आता कुटं पियानो का फियानो शिकतोय म्हनं. ते पुरं होईस्तोवर मी चहाला शिवणार न्हाय!" असं म्हणून तू हातातला कप मोरीत ओतलास. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत राग जाईल. ऋतुजाच्या पत्रातून कळलं की रागाबरोबर चहाही गेला तो गेलाच. पहाटे पाचला उठून ज्या बाईला पहिला कप, मग शेणकूर झाल्यावर दुसरा, मग कुणी आलं म्हणून तिसरा आणि कुणी आलं नाही म्हणून चौथा लागतो, तिनं माझ्यासारख्याच्या भरवशावर चहा सोडावा! आत्या, देवाला नवस बोलताना माणूस जरा देव तरी बघून बोलतो. (तू लिहिलंस की आई सकाळी सहाला कोंबड्यांवर ओरडते, सातला तुझ्यावर आणि आठला रेडिओवर, आणि "दादा, कायतरी एक पुरं कर रे, हितं घर चालंना." ते वाचून मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण उशिरा.)

पियानोकडं मी कसा आलो ते तुला नीट कधी सांगितलंच नाही. टँकर सोडून हैदराबादहून परत आल्यावर मी थोडे दिवस एका बँजो पार्टीत होतो. वाजवायला नव्हे, कीबोर्डचं स्टँड धरायला. वरातीत स्टँड डुगडुगतं, ते धरायला एक माणूस लागतो. (यंदाच्या लग्नसराईत परत एकदा धरायला गेलो, तिथंच माझ्या चपला गेल्या, ते मागच्या पत्रात तुला लिहिलंय.) मग भवानी पेठेत गैबीसाबच्या चादरीच्या कारखान्यात गठ्ठे बांधायला लागलो. एक दिवस टॉवेलांचा गठ्ठा द्यायला कमलम्मा टीचरांच्या घरी गेलो. टीचर म्हणजे इथल्या तेलुगू पद्मशाली लोकांतल्या, वडील विणकर, पण ह्या तीस वर्षं एका शाळेत पियानो शिकवायच्या. शाळेनं पियानो काढून टाकला तेव्हा टीचरांनी तो घरी आणला. त्यासाठी दाराची चौकट फोडली आणि परत बसवली. मी गठ्ठा ठेवला आणि सवयीप्रमाणे नको तिथं बोट लावलं. आतून आवाज आला, "कोण आहे? परत दाब." मी परत दाबलं. त्या दिवसापासून रोज दाबतोय.

टीचरांनी विलायतेच्या परीक्षेचं मनावर घेतलं. तिकडचे परीक्षक पुण्याला येतात, तुकडे वाजवायला लावतात, सारेगमसारखी चढउतार म्हणजे स्केल वाजवायला लावतात, आणि पास झालं की कागद देतात. मला वाटलं, चार दिवसांचं काम. आत्या, सात महिने मी नुसता हात धरायला शिकलो. हातात संत्रं धरलंय असं समज, म्हणाल्या. मी सांगोल्याचा, माझ्या हाताला डाळिंब माहीत, तेही बागेतलं पहिल्या नंबरचं, बोटं इतकी फाकली की त्या म्हणाल्या, "बोटं आहेत का पंचा वाळत घातला?" मग संत्र्याचं लिंबू झालं. हाताच्या पाठीवर चिंचोका ठेवायचा आणि तो न पाडता पाच बोटं एकेक करून चालवायची. पडला की पहिल्यापासून. त्या घरात मी इतके चिंचोके पाडले की मागच्या अंगणात चिंच उगवली तर ती माझी. काळ्या पट्ट्यांना तर हातच लावायचा नव्हता, म्हणून त्यांच्याकडं मी कधी नीट बघितलंच नाही. आधी पांढऱ्या, मग काळ्या. मी विचारलं का, तर म्हणाल्या, आधी भात, मग लोणचं.

अशात आषाढात टीचर लेकीच्या बाळंतपणाला वरंगळला निघाल्या, दीड महिन्यासाठी. घराला कुलूप. वहीत लिहून गेल्या की ह्या ह्या स्केल तयार कर, त्यात काळ्या पट्ट्या आहेत, कुठल्या त्या पुस्तकात बघ. पण पियानो कुलपात, मग तयार करू कशावर? मी कारखान्याच्या माडीवर झोपतो, तिथं खडूनं फरशीवर पट्ट्या काढल्या. जमीलाचाचींनी, म्हणजे गैबीसाबच्या बायकोनं, दोनदा झाडून काढल्या. तिसऱ्यांदा मी काढल्या तेव्हा गैबीसाब वर आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "जमीन पे क्या लोटता रे, मैं बुन के देता ना." टीचर निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरी टॉवेल द्यायला स्वतः गेले होते, तेव्हा त्यांनी हौसेनं पियानोचा फोटो काढून आणला होता. चौकटीच्या कागदावर नक्षी उतरवली, त्याप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडली, मागावर चढवले आणि चार दिवसांत माझ्या हातात चादर दिली. आत्या, काय चादर! पांढऱ्या पट्ट्या दुधासारख्या, काळ्या मखमलीसारख्या, कडेला मोर. (मोर मी सांगितला नव्हता.) मी दीड महिना त्या चादरीवर रोज दोन तास वाजवलं. खाली बारा माग खडखडतायत, वर मी आवाज नसलेला पियानो वाजवतोय. आवाज नाही म्हणून चूक नाही, चूक नाही म्हणून थकवा नाही. आयुष्यात एवढं चांगलं मी कधीच वाजवलं नव्हतं. जेवतानाही ताटाशेजारी बोटं चालायची, ते बघून काहीतरी बाधा झाली समजून जमीलाचाचींनी मला पाणी फुंकून दिलं.

आता नीट ऐक. मी गठ्ठे बांधणारा, मला मोजल्याशिवाय काही लक्षात राहत नाही. बँजो पार्टीतही लोक काळी चार, काळी पाच असंच बोलतात. म्हणून मी चादरीवर मधल्या 'सा'ला पेनानं खूण केली आणि तिथून काळ्या मोजून पाठ केल्या. पुस्तकात ज्या पट्टीच्या उजवीकडची काळी सांगितली होती, ती चादरीवर चौथी येत होती. चौथी तर चौथी. दुसऱ्या स्केलला सहावी. असं सगळं पाठ झालं. टीचर आल्या, मी अंघोळ करून गेलो, पियानोवर बसलो आणि त्यांना चौथी काळी वाजवून दाखवली. टीचर नुसत्या "अय्यो" म्हणाल्या आणि खिडकीतून बाहेर कुणी जनावर अडकलंय का ते बघायला गेल्या. सहावीला तर त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

झालं होतं असं. पियानोवर दोन काळ्या असतात, मग मध्ये रिकामी जागा, मग तीन काळ्या, मग परत रिकामी जागा. गैबीसाबनी फोटोत ते पाहिलं. चाळीस वर्षं नक्षी बसवणारा माणूस. नक्षीत मध्येच घर रिकामं दिसलं म्हणजे सूत तुटलंय, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी एकही जागा रिकामी ठेवली नाही. दोन पांढऱ्यांमध्ये एक काळी, या काठापासून त्या काठापर्यंत, मोजून. म्हणजे चादरीवर जी चौथी, ती पियानोवर तिसरी. मी विचारायला गेलो तर खालच्या आवाजात म्हणाले, "बेटा, टीचर का पियानो पुराना है ना, बीच-बीच के दाँत गिर गए होंगे. उनको बुरा नईं लगना बोल के मैं कुछ बोला नईं. मैं पूरे बिठा दिया." मी त्यांना पुस्तकातलं नव्याकोऱ्या पियानोचं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "मतलब अस्सल मेंइच डिफेक्ट है."

परीक्षेला बावीस दिवस होते. सांगोल्याची गाडी साडेचारला असते. (मी दोनदा स्टँडवर गेलो होतो. दुसऱ्यांदा तर तिकीट काढून आत बसलो. मग वाटलं, घरी आलो की आत्या दारात उभी असणार, हात मोकळा, कप नाही. करमाळ्याच्या एका माणसाला खिडकीची जागा दिली आणि उतरलो.) टीचर रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. चादर त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, उजेडात धरली, विणकराची लेक ना, मागची बाजू आधी बघितली. विणकाम चांगलं आहे, म्हणाल्या. मग घडी करून पियानोवर झाकण म्हणून घातली आणि मला म्हणाल्या, "कानानं मोज आता, डोळ्यानं नको." गैबीसाबनी लाजेखातर दुसरी चादर विणून दिली, रिकाम्या जागांसकट. पण त्यांच्या हाताला ते सोसेना. विणताना दर वेळी रिकामी जागा आली की तोंड फिरवायचे. चादर झाल्यावर तिच्या कोपऱ्यावर सवयीनं 'सेकंड' असा शिक्का मारला, कारण असला माल पहिल्या नंबरात जाऊ देणं त्यांच्या नावाला बरं दिसत नव्हतं.

तीच सेकंड चादर घेऊन मी पुण्याला गेलो. परीक्षेच्या जागी बाहेर बाकांवर सगळी सात-आठ वर्षांची पोरं, तेल लावून भांग पाडलेली, आणि मध्ये मी, दाढीवाला. दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, "काका, तुमचं बाळ आत गेलंय का?" मी म्हटलं, बाळ मीच. ती शेजारी सरकून बसली, आजाऱ्याशेजारी बसतात तशी. वाट बघवेना म्हणून मी चादर फरशीवर पसरली आणि बोटं चालवायला लागलो. बघता बघता सगळी पोरं खाली उतरली आणि चादरीभोवती बसून आपापला तुकडा वाजवायला लागली. नऊ-दहा जण, आवाज काही नाही. आया-बाप बघत राहिले. मी हळूच 'सा'पासून मोजायला लागलो तर त्या वेणीवालीनं माझं बोट धरलं. म्हणाली, "काळ्या मोजायच्या नस्तात. हे दोघांचं घर, हे तिघांचं घर. तुम्हाला पाहिजे ती तिघांच्या घरातली पहिली." आत्या, बावीस दिवसांत जे टीचरांना जमलं नाही ते तिनं पाण्याची बाटली उघडता उघडता केलं. म्हणजे ज्या रिकाम्या जागा गैबीसाबनी बुजवल्या, त्याच वाट दाखवायला होत्या.

आत पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, बोलणं एकदम मऊ. स्केल वाजवायला सांगितली. तिघांच्या घरातली पहिली, लागली. दुसऱ्या स्केलला तिघांच्या घरातली शेवटची, तीही लागली. टाळी वाजवून ठेका दाखव म्हणाल्या, तर मी वरातीतला दाखवला, त्या खुर्चीत हलल्या. गाऊन दाखव म्हणाल्या, तेव्हा माझ्या तोंडून शेळ्या वळवायचा सूर निघाला. आणि तिसऱ्या तुकड्यात, अगदी सोप्या जागी, माझा डावा हात हरवला. नुसता हरवला. आवाज थांबला. दार डाव्या बाजूला होतं, चार पावलांवर, दाराबाहेर माझ्या चपला. मी आयुष्यात जे जे सोडलं ते असंच एका क्षणात सोडलं, आधी ठरवून कधीच नाही. पाय आपोआप निघतात. निघालेही होते, टाच उचलली होती. तेवढ्यात उगाच मोरीत ओतलेला तो कप आठवला, त्याची वाफ. मी उजव्या हातानं एकट्यानं पुढं गेलो. दोन ओळींनंतर डावा हात कुठूनतरी परत आला, चुकलेलं करडू येतं तसा, काही झालंच नाही असा. आणि आम्ही तिघं, म्हणजे मी आणि दोन्ही हात, शेवटापर्यंत पोचलो. शेवटचा सूर मी जरा जास्तच वेळ दाबून धरला. शेवट कसा असतो ते मला माहीत नव्हतं ना.

तर आत्या, परवा निकाल आला. पास. काठावर, पण काठाच्या आतल्या बाजूला. कागदावर त्या बाईंनी बरंच काय काय लिहिलंय, बहुतेक सगळं काय चुकलं त्याबद्दल, आणि खाली एक ओळ: चुकल्यावरही थांबला नाहीस. टीचरांनी ती ओळ मला मराठीत सांगितली, मग परत सांगितली, मग भात लागतोय म्हणून आत गेल्या. भात लागत नव्हता, मला वास आला असता.

तेव्हा काम पुरं झालं. पियानो झाला. मी हे लिहितोय तेव्हा मला एवढा थकवा आलाय की पेनसुद्धा जड लागतंय, पण तू आता ऋतुजाला उठव, भांडं चढवायला सांग, आलं ठेचून घाल, आणि नऊ महिन्यांचा पहिला घोट घे. गुडघ्याला जप. ढवळीला माझा नमस्कार.

तुझा आज्ञाधारक (हे पहिल्यांदाच लिहितोय),
कुंडलिक

ता. क. चादर (मोराची, पहिल्या नंबराची) टीचर पियानोवरून काढायला तयार नाहीत, म्हणून सेकंड शिक्क्याची पाठवतोय. थंडीला चांगली आहे. रिकाम्या जागांना सुई-दोरा घेऊन बसू नकोस, त्या तशाच असतात.

(ता. क. दुसरा, ऋतुजा, फक्त तुला. ही आठांतली पहिली परीक्षा होती. अजून सात आहेत, वर्षाला एक म्हटलं तरी सात वर्षं, आणि दुसरीचा फॉर्म मी काल भरला. कुणी भरायला लावला नाही, मीच मागितला. म्हणजे आईचा नवस काही फिटलेला नाही आणि दिवाळीनंतर मी छाटणीला कायमचा येत नाही. आईला यातलं काही सांगू नकोस. आधी तिला चहा पिऊ दे. दोन कप पोटात गेले की मग बघू.)

ता. क. तिसरा. काल संध्याकाळी पाकीट चिकटवायला घेतलं, चपला घातल्या, आणि जिन्यात थांबलो. आत्या, माझ्या चपला हरवल्या हे मी तुला कळवलंच नव्हतं. ते फक्त कंसात लिहिलं होतं.

म्हणजे तू सगळं ऐकतेस. कदाचित पहिल्यापासून. ऋतुजा, तुला काही बोलत नाही, तिच्यासमोर "अक्षर लागत न्हाय" मलाही म्हणता आलं नसतं. आता वरचं खोडायचं म्हणजे अख्खं पत्र परत लिहायचं, तेवढं बळ नाही. म्हणून कंसाबाहेर येऊन सांगतो: पुरं झालेलं नाही, आत्या. सात राहिल्यात. आणि आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट अशी सापडलीय की ती लवकर संपू नये असं वाटतंय. छाटणीला मी येईन, पुरी करूनच परत जाईन, पण परत जाईन. एवढीच मागणी, की मला परत बोलावू नकोस आणि तू चहा पी. सात वर्षं तू बिनचहाची राहिलीस तर घरात कोंबडीसुद्धा उरणार नाही.

देवाला दिलेला शब्द मोडायला नको म्हणून तुझ्या जागी मी सोडलाय, आठवी होईस्तोवर. आज सकाळपासून. दोन कप चुकलेत. डोकं फुटायला आलंय, गैबीसाबवर ओरडलो, मागावर ओरडलो, आणि टीचरांनी शेवटी फोन परत द्यायला डबा उघडला तर तांदळावर ओरडलो. ऋतुजा, नऊ महिने तू काय सोसलंस ते मला दुपारी एक वाजायच्या आत कळलं. हे मोठ्यानं वाच.